न फोडायचं पाकीट

दार चुकलं, एवढीच काय ती तिची चूक. पुढच्या सगळ्या चुका त्याच्या, आणि हे ती आजही कुणालाही ठणकावून सांगते.

त्या सकाळी ती मेट्रनबाईंची खोली शोधत हॉस्पिटलच्या तळघरात उतरली. हातात प्लॅस्टिकची फाईल, फाईलमध्ये सात वर्षांच्या नर्सिंगचे सगळे कागद. राज्य बदलून तिला जेमतेम नऊ दिवस झाले होते. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यांचं जिने चढणं बंद झालं. धाकट्या भावाची नोकरी या शहरात, त्याचं घर तळमजल्यावर. असं एकेक जुळत गेलं आणि सगळं बिऱ्हाड इकडे आलं. आईबाबांकडे बघायला कोण? अर्थात ताई. ताईनं अतिदक्षता विभागातली पक्की नोकरी सोडली. भाऊ म्हणाला, "ताई, नर्सला काय गं, कुठेही नोकरी मिळते!" हे वाक्य आठवलं की पुढचे सात आठवडे ती झोपेतसुद्धा दातओठ खाणार होती.

तळघरात दिसलेल्या पहिल्याच दारातून ती आत शिरली. टेबलामागे एक तिशीतला माणूस बसला होता. फिका निळा, कडक इस्त्रीचा शर्ट, कानामागे पेन्सिल, पुढ्यात पाकिटांची चळत. त्यानं मान वर केली आणि... आता खोटं कशाला बोला, डोळे चांगले होते. शांत, घाई नसलेले.

"नमस्कार. नर्सच्या जागेसाठी आलेय मी."

"बसा ना," तो म्हणाला आणि त्यानं तिच्यासाठी खुर्चीवरचे गठ्ठे उचलले.

ती बसली आणि सुरू झाली. शिक्षण कुठे झालं, पहिली नोकरी कुठे, अतिदक्षता विभागात किती वर्षं, मशीन कुठकुठली येतात, एकदा एकाच पाळीत तीन पेशंटची हृदयं एकापाठोपाठ बंद पडली तेव्हा काय केलं... तो मध्ये मध्ये मान हलवत होता. प्रश्नही विचारत होता. "मग तिसऱ्याचं काय झालं?" "घरी गेले का ते?" हा मुलाखतीचा नवीन प्रकार दिसतोय, असं वाटून ती आणखीच खुलली.

पंधरा मिनिटांनी तो जरा चाचरत म्हणाला, "एक सांगू? हे सगळं तुम्हाला मेट्रनबाईंना परत सांगावं लागणार. त्या दुसऱ्या मजल्यावर बसतात."

"मग तुम्ही कोण?"

"मी आवक-जावक. हॉस्पिटलात येणारी पत्रं, जाणारी पत्रं. शिक्का मारायचा, नंबर घालायचा."

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की सांगू म्हटलं..."

"पंधरा मिनिटं?"

"आणि, म्हणजे..." त्यानं कानामागची पेन्सिल काढली, परत लावली. "ऐकावंसं वाटत होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाईल छातीशी धरून ती जिना चढली तो थेट दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पुटपुटत.

मेट्रनबाई म्हणजे उभ्या अंगाची, आडवं बोलणारी बाई. त्यांनी कागद पाहिले, खूश झाल्या, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये याची पुरेपूर काळजी घेतली. "तुझ्यासारखी मला हवीच आहे. पण तुझी नोंदणी तिकडच्या राज्याची. इकडच्या कौन्सिलचा नंबर आणल्याशिवाय तू सुईला हात लावायचा नाहीस. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत जागा धरते. एकतीसला यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार. तोवर मदतनीस म्हणून राहा. चादरी, अभ्रे, व्हीलचेअर. आणि या दिवसांत रजा मिळणार नाही."

दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून ती हो म्हणाली.

कौन्सिलचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी कागद चाळून बाजूला सारले. "जुन्या कौन्सिलचं पडताळणी पत्र लागेल. तुमची नोंदणी खरी आहे, तुमच्याविरुद्ध तक्रार नाही, असं."

"ते पोस्टानं थेट तुमच्याकडे पाठवायला सांगू?"

बाईंनी न वळता अंगठ्यानं मागे दाखवलं. भिंतीला टेकून सात-आठ पोती उभी होती, तोंडं सुतळीनं बांधलेली. "पोस्टानं आलेलं त्यात असतं. शोधायला वेळ लागतो."

"किती?"

"सापडेपर्यंत." बाईंना तिची दया आली असावी. "त्यापेक्षा सीलबंद पाकीट मागवा आणि स्वतः आणून द्या. त्याच दिवशी नंबर देते. पण पाकीट फोडलेलं चालणार नाही. फोडलं की कागद रद्द."

आता पाकीट मागवायचं कुठे? भावाच्या इमारतीत सगळ्यांची पत्रं जिन्याखालच्या एकाच खोक्यात पडायची, आणि त्यातली निम्मी तिथल्या मांजराच्या बाळंतपणाला कामी यायची. विचार करत ती तळघराच्या दारात येऊन उभी राहिली, म्हणजे पाय आपोआप तिकडे वळले. आवक-जावकवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. या वेळी तिनं मुद्दाम मध्येच श्वास घेतला.

"हॉस्पिटलच्या पत्त्यावर मागवा," तो म्हणाला. "इथे आलेला कागद हरवत नाही. बारा वर्षांत एक चिटोरंही गेलेलं नाही."

"नक्की?"

"माझ्यावर सोडा."

आणि तिनं सोडलं. बघा, इतकी हुशार बाई, दर इंजेक्शनाआधी बाटलीवरचं नाव तीनदा वाचणारी, पण चांगले डोळे दिसले की माणसाची बुद्धी अशी गहाण पडते.

मग सुरू झालं वाट बघणं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे तिला माहीत होतं. पण तिच्याकडे सहा आठवडेही नव्हते. जुन्या कौन्सिलला फोन लावला की कुणीतरी उचलायचं, "संबंधित व्यक्ती जागेवर नाही" म्हणायचं आणि ठेवायचं. ही संबंधित व्यक्ती जन्मली तरी होती का, अशी तिला शंका येऊ लागली. घरी बाबा रोज संध्याकाळी वॉकर टेकत दारापर्यंत यायचे. "घोडं कुठे पेंड खातंय?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता परत फिरायचे.

रोज दुपारच्या सुट्टीत ती तळघरात उतरायची. त्याच्या खोलीला वर, छताजवळ एक झडप होती आणि तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. ती दारात पोचायच्या आत तो बोलायला लागलेला असे.

"आज उजव्या बुटाची नाडी सुटलीय तुमच्या. जिन्यात पडला असतात."

"तुम्ही लोकांचे पाय बघत बसता?"

"लोकांचे नाही," तो पाकिटाकडे बघत म्हणाला.

तिनं वाकून नाडी बांधली. बांधायला जरा जास्तच वेळ लागला.

"पत्र आलं?"

"नाही."

"मग मी आले कशाला?"

"चहा घ्यायला," म्हणून तो दुसरा कप पुढे सरकवायचा. चहा बेचव असायचा, नळाच्या पाण्यात उन्हाचा रंग मिसळावा तसा. ती रोज तसं सांगायची आणि रोज सगळा प्यायची. तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की दिवसभरात आपण न वैतागता बोलतो ती ही एवढी वीस मिनिटं. या शोधाचाही तिला वैताग आला.

एकदा तो रजिस्टरवर सही घ्यायला वॉर्डात आला होता. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ, आणि त्यांच्या हातात सुई घालायला धडपडणारी एक नवखी नर्स. पोरीला शीर सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती शेजारीच उभी होती, उशीचे अभ्रे हातात घेऊन. तिला शीर दिसत होती. मनगटाच्या वर, किंचित बाहेरच्या बाजूला, अगदी सरळ. तिनं अभ्रे इतके घट्ट धरले की बोटं पांढरी पडली.

"अगं, हात गरम पाण्यात बुडव आधी त्यांचा," ती हलकेच म्हणाली. "मग मनगटाच्या वर बघ. बाहेरच्या बाजूला. तिथे."

तिसऱ्या खेपेला सुई लागली. म्हातारे गृहस्थ नवख्या पोरीला आशीर्वाद देऊ लागले आणि ही अभ्रे घेऊन चादरींच्या खोलीत निघून गेली. तो मागोमाग आला, दारातच थांबला.

"रडताय?"

"मी? छे! राग आलाय मला." ती रडतच होती. "सात वर्षं, कळलं? या हातांनी सात वर्षं शिरा शोधल्यात. अंधारात, अॅम्ब्युलन्समध्ये, तान्ह्या बाळांच्या. आणि आज मी अभ्रे धरून उभी! का, तर मधे एक रेघ आहे. रेघेच्या त्या बाजूला मी नर्स आणि या बाजूला कुणीच नाही. हात तेच आहेत ना हो?"

त्यानं अभ्र्यांचा गठ्ठा तिच्या हातातून घेतला आणि फळीवर एकेक नीट रचत राहिला. कडेला कड लावून. समजूत घालायला आला असता तर तिनं त्याला हाकलून दिलं असतं. त्या दिवशी घरी जाताना तिला स्वतःशी कबूल करावं लागलं की तिला तो आवडतो. नोकरी नाही, नंबर नाही, आणि हे एक नवीन दुखणं.

तीस तारखेला सहा दिवस उरले असताना पाकीट आलं.

त्यानं वॉर्डात फोन केला. "खाली या! आलं!" आवाज असा, जणू ते पत्र त्यानंच प्रसवलं होतं. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. तो उभा होता, आणि दोन्ही हातांत ताटासारखा धरला होता... कागद.

पाकीट नव्हे. कागद.

कोपऱ्यात ठसठशीत जांभळा शिक्का : आवक. त्याखाली नंबर आणि तारीख. सुवाच्य अक्षरात.

"पाकीट कुठंय?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू होता. अतिदक्षता विभागात जुने पेशंट या आवाजाला घाबरायचे.

तो हसतच होता. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याची नजर टेबलावर गेली. तिथे सकाळची चाळीस पाकिटं पडली होती, सगळी एका रांगेत, सगळी सुरीनं वरून उघडलेली. त्यातल्या एकावर लाल लाखेचे दोन तुकडे आणि मोठ्या अक्षरात छापलं होतं : 'फोडू नये'.

"मी... आधी सगळी फोडतो," तो म्हणाला. "एकदम. मग वाचायला घेतो. बारा वर्षं तीच सवय... हात आपोआप..."

"आधी फोडता? मग वाचता?"

"वेळ वाचतो."

"वेळ वाचतो!" आता मात्र आवाज तळघराच्या झडपेतून रस्त्यावर गेला. वरचे चार-पाच पाय थबकले. "मी पाच आठवडे रोज इथे येते, रोज तुमचा तो भयंकर चहा पिते, रोज सांगते की सीलबंद हवं, सीलबंद हवं! चोरानं नाही फोडलं, मांजरानं नाही फोडलं. ज्याच्यावर विसंबले त्यानंच फोडलं! आणि वर शिक्का मारला! नंबर घातला! तारीख!"

"माझं चुकलं."

"तुमचं चुकलं, आणि नोकरी माझी जाणार."

तिनं तो कागद टेबलावर आपटला आणि निघाली. जुन्या कौन्सिलला फोन केला, तेव्हा संबंधित व्यक्ती पहिल्यांदाच जागेवर होती. म्हणाली, नव्यानं अर्ज करा, पाच आठवडे लागतील. पहिले पाढे पंचावन्न. आईनं विचारलं, "काय झालं गं?" तर ही म्हणाली, "काही नाही, डोकं दुखतंय." भाऊ म्हणाला, "ताई, दुसरीकडे बघ ना, नर्सला काय..." ती नुसती वळून त्याच्याकडे बघत राहिली. पोरगा वाक्य अर्धं टाकून गॅलरीत गेला.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात उतरली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी मेट्रनबाई वॉर्डात तणतणत आल्या. "औषधांचं बिल आलं नाही, तपासणीचे रिपोर्ट आले नाहीत, माझं पत्र गेलं नाही. काय चाललंय खाली? बारा वर्षांत रजा न घेतलेला माणूस आत्ताच आठ दिवस रजेवर!"

"रजेवर?" तिच्या हातातली चादर अर्धवट राहिली. "कुठे गेलेत?"

मेट्रनबाईंनी तिच्या जुन्या राज्याचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "तिकडे कोण आहे त्याचं, देव जाणे."

ती तळघरात धावली. खोलीला कुलूप नव्हतं. पाकिटांचा डोंगर टेबलावरून घसरून जमिनीवर आला होता. तिचा तो फोडलेला कागद मात्र कुठे दिसेना. आणि टेबलाच्या कोपऱ्यात, प्लगला तसाच लटकलेला, त्याच्या फोनचा चार्जर.

"कुणी सांगितलं होतं याला!" ती रिकाम्या खुर्चीवर ओरडली. तीस तासांचा प्रवास आणि चार्जर घरी... म्हणजे घरीसुद्धा नाही, इथे! तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्हींचा राग येत होता.

त्याचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी, साडेबारा वाजता. ती चादरींच्या खोलीत होती.

"बॅटरी संपत आलीय, तेव्हा थोडक्यात सांगतो," तो घाईघाईनं म्हणाला. "तुमच्या जुन्या कौन्सिलमध्ये आहे. फोडलेला कागद दाखवला, माझी चूक लिहून दिली. इथले साहेब म्हणाले, नव्यानं अर्ज कशाला, कागद तर तयार आहे. दुसऱ्या पाकिटात घालून लाख लावून देतो. देतायत! आत्ता देतायत!"

ती चादरींच्या ढिगावर बसली. "खरंच?"

"हो. फक्त हातात द्यायचं तर अर्जदार स्वतः पाहिजे, नाहीतर नातेवाईक. इथे रकाना आहे. अर्जदाराशी नातं. खिडकी एकला बंद होते. माझ्यापुढे एकच माणूस आहे. काय लिहू?"

"अहो, त्यात विचारायचं काय! भाऊ लिहा आणि मोकळे व्हा!"

पलीकडे मागे कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज. कुणीतरी खोकलं.

"हॅलो? ऐकताय ना? भाऊ लिहा!"

"नाही लिहिणार."

"का?"

"खोटी नोंद मी करत नाही."

"अरे देवा! चूक करताना काही वाटलं नाही, आणि आता माझ्या नोकरीच्या वेळी यांना सत्य आठवतंय! माझ्याकडे दोन दिवस आहेत हो, दोन! दोन अक्षरं तर लिहायचीत!"

"कळतंय मला," तो म्हणाला. मग थांबला. मग आवाज अगदी जवळ आला, फोन तोंडाशी धरल्यासारखा. "पण ती दोन अक्षरं नाही लिहिता येणार. ते एक नातं सोडून... दुसरं कुठलंही सांगा."

खोलीत धुतलेल्या कापडाचा ऊबदार वास होता आणि कानात स्वतःच्याच छातीचे ठोके. मिनिटाला एकशे दहा तरी असतील, तिच्यातल्या नर्सनं मोजून टाकलं.

"मित्र चालेल?" तिनं कसंबसं विचारलं.

"विचारलं मी. म्हणाले, रक्ताचं नाहीतर लग्नाचं."

"मग..."

"पुढचा माणूस झाला. माझा नंबर आला. सांगा लवकर."

"मग होणारा नवरा लिहा!" ती एका दमात बोलून गेली आणि बोलल्यावर तिनं हातानं तोंड झाकलं.

"पण..." तो अडखळला. "पण तीही खोटीच नोंद होईल ना?"

"ते तुमच्यावर आहे..."

आणि फोन बंद पडला.

तिनं परत लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. म्हणजे बघा काय वेळ आणली या माणसानं! मुलीनं आपणहून विचारलं, तेही अभ्र्यांच्या ढिगावर बसून, आणि उत्तराच्या ऐवजी बॅटरी संपली! ऐकलं का त्यानं? काय लिहिलं? लिहिलं, की तत्त्व कवटाळून हात हलवत परत निघाला? तीस तासांचा रस्ता आणि चार्जर इथे, टेबलाला लटकलेला. दोन दिवस तिनं चादरी उलट्या घातल्या, दोनदा रिकामी व्हीलचेअर लिफ्टपर्यंत ढकलत नेली आणि आईला चहाऐवजी गरम पाणी दिलं. घरी बाबा म्हणाले, "घोडं?" ती म्हणाली, "बाबा, घोडंच गायब आहे."

तीस तारखेला तिनं मेट्रनबाईंकडे सकाळचे तीन तास मागितले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रजेच्या नियमाबद्दल अवाक्षर न काढता मान हलवली. दहा वाजल्यापासून ती कौन्सिलच्या पायऱ्यांवर उभी होती; पाकीट घेऊन आलाच, तर तो थेट इथेच येणार होता. अकरा वाजले. साडेअकरा झाले. फाटकातून येणारा प्रत्येक निळा शर्ट तिला तोच वाटत होता.

तो आला तेव्हा तिनं त्याला ओळखलंच नाही. शर्टाची इस्त्री गेलेली, दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. छातीशी, शर्टाच्या आत, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं ते बाहेर काढलं आणि तिच्यापुढे धरलं. लाल लाख अखंड होती.

"झोपलो नाही," तो म्हणाला. "हात आपोआप चालतात म्हणून."

तिनं पाकीट घेतलं आणि खिडकीशी गेली. खिडकीतल्या बाईंनी लाख उजेडात धरून पाहिली, पाकीट फोडलं, कागद वाचला, मोठ्या वहीत काहीतरी लिहिलं आणि एका छोट्या चिठ्ठीवर आठ आकडे लिहून पुढे सरकवले. आठ आकडे. एवढ्यासाठी सात आठवडे. चिठ्ठी घेऊन ती तडक हॉस्पिटलात गेली, दुसऱ्या मजल्यावर चढली आणि ती मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवली.

मेट्रनबाईंनी आकडे वाचले, चष्मा काढला. "उद्या सकाळी सातची पाळी. अतिदक्षता विभाग. आणि ते अभ्रे ठेव आता खाली, सिस्टर."

हातात अभ्रे आहेत हे तिलाच माहीत नव्हतं. जिन्याकडे जाताना वॉर्डाच्या दारातून सवयीनं उचलले होते. ते ठेवून ती बाहेर आली, जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून उभी राहिली आणि पोटभर रडली. मग तोंड धुऊन तळघरात गेली.

तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, इतक्या दिवसांच्या साचलेल्या पाकिटांच्या मध्ये. एकेक पाकीट उचलून त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचत होता. तिला पाहून उठायला गेला.

"बसा," ती म्हणाली आणि समोर खाली बसली. "मला जागा मिळाली. उद्या सातची पाळी."

त्याचा सगळा थकवा चेहऱ्यावरून पुसला गेला. "मला माहीत होतं."

"तुम्हाला काय माहीत होतं? मला तर दोन दिवस काही म्हणजे काही माहीत नव्हतं! मेले असते मी काळजीनं! फोन बंद पडायच्या आधी... तुम्ही ऐकलं का, मी शेवटचं काय बोलले?"

"नाही. 'ते तुम' एवढंच ऐकू आलं. मग बंद पडला."

"मग रकान्यात काय लिहिलंत?"

तो एक पाकीट उगाच उलटसुलट करत राहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तुम्ही सांगितलंत तेच. त्या साहेबांनी वाचलं, वर पाहिलं आणि म्हणाले, अभिनंदन. मी थँक्यू म्हणालो." त्यानं मान वर केली. तेच डोळे, शांत, पण आता त्यांच्यात चांगलीच धडधड होती. "तर अडचण अशी आहे... माझ्या हातून आजवर खोटी नोंद झालेली नाही. तुमच्या मनात तसं नसेल, नुसतं नोकरीसाठी बोलला असाल, तर काही हरकत नाही. खरंच नाही. पण मग मला परत तिकडे जाऊन ते खोडून यावं लागेल. उद्याची गाडी आहे. तीस तास जायला, तीस तास यायला."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. चुरगळलेला शर्ट, वाढलेली दाढी, आणि हा माणूस खरंच उद्या पिशवी उचलून निघेल, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सात आठवड्यांचा सगळा वैताग तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथे पोचून त्याचं हसू झालं.

"कुठे एवढा प्रवास करतोस आता," ती म्हणाली. "राहू दे तसंच."